संपूर्ण रंगीत आवृत्तीचे वचन : लोकनिधीतून निघालेल्या एका चित्रकादंबरीचे प्रकरण

या प्रकरणातील गट पुण्यातला आहे. व्यक्तींची व पुस्तकाची नावे येथे दिलेली नाहीत. रकमा आणि पैसे देणाऱ्या सहभागींची संख्या परस्परांतील प्रमाण सांभाळून बदललेली व पूर्णांकांत आणलेली आहे. कायदा, छपाई आणि टपाल यांविषयीचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या एका दिवसाभोवती, एकाच वाड्यात राहणाऱ्या तीन बिऱ्हाडांची गोष्ट १४४ पानांत सांगावी, अशी कल्पना एका लेखिकेने आपल्या जुन्या वर्गमित्रापुढे मांडली. हा मित्र जाहिरातपटांसाठी दृश्यपट, म्हणजे चित्रीकरणाआधी दृश्यांचा क्रम दाखवणारी रेखाटने, काढून देणारा चित्रकार होता. पुढे संवादांच्या फुग्यांतील मजकुराची अक्षरमांडणी करणारी एक मांडणीकार आणि प्रसिद्धी, पत्रव्यवहार व हिशेब पाहणारा एक समन्वयक असे दोघे त्यांना येऊन मिळाले. चौघांत लेखी असे काहीच नव्हते. एका मोबाइल गटावर लेखिकेने पाठवलेला ‘पुस्तक आपल्या चौघांचं’ एवढा एक संदेश मात्र होता, आणि पुढे वकिलांसमोर दस्तऐवज म्हणून ठेवण्यासारखे तेवढेच निघाले.

दोन प्रकाशकांनी नमुन्याची पाने पाहून कौतुक केले. एकाने पाने निम्मी करण्याची आणि दुसऱ्याने पुस्तक बालवाचकांसाठी वळवण्याची अट घातली. दोन्ही अटी नाकारल्यावर वाचकांकडूनच आगाऊ पैसे उभे करण्याचे ठरले. ही रीत मराठीला अपरिचित नाही. प्रकाशनपूर्व सवलतीच्या योजना कित्येक दशके चालत आल्या आहेत आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने तर वाचकांच्या सहभागावर चळवळच उभारली. फरक असा, की प्रकाशनपूर्व योजनेत पुस्तकाची संहिता सहसा तयार असते. येथे १४४ पैकी फक्त ४० पाने शाईत पूर्ण झाली होती, म्हणजे वाचक जे विकत घेत होते त्याचा मोठा भाग अजून कागदावर उतरायचा होता.

मोहिमेपूर्वीचे निर्णय

मोहीम कोठे चालवावी यावर बरीच चर्चा झाली. ‘किकस्टार्टर’ या लोकनिधी उभारण्याच्या अमेरिकी संकेतस्थळावर चित्रकथांचा मोठा वाचकवर्ग आहे, परंतु भारतात राहणाऱ्या निर्मात्याला तेथे स्वतःच्या नावाने मोहीम उघडता येत नाही. समन्वयकाचा अमेरिकेतील चुलतभाऊ नाव द्यायला तयार होता. तसे केले असते तर जमा होणारी सगळी रक्कम कायद्याच्या दृष्टीने त्या भावाची ठरली असती, कराचा भार त्याच्यावर पडला असता आणि पैसे पुण्यात आणणे हा आणखी एक व्यवहार झाला असता. म्हणून भारतीय संकेतस्थळ निवडले गेले. हा निर्णय योग्य होता, असे आजही म्हणता येते. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला, की संकेतस्थळाला एकच बँक खाते हवे होते आणि ते समन्वयकाचे देण्यात आले.

अंदाजपत्रक कृष्णधवल पुस्तकाचे होते. चित्रांसाठी पानामागे १,२०० रुपये, अक्षरमांडणीसाठी पानामागे २००, एक हजार प्रतींच्या छपाई-बांधणीसाठी १ लाख १० हजार, टपालासाठी ३० हजार, आणि संकेतस्थळ व पेमेंट यांचे शुल्क सुमारे दहा टक्के. लेखिका व समन्वयक यांनी मानधन घ्यायचे नव्हते. उद्दिष्ट ४ लाख रुपयांचे ठेवले गेले, आणि आकस्मिक खर्चासाठी त्यातून जेमतेम अठरा हजार उरत होते.

चित्रकाराच्या दराकडे येथे थोडे थांबून पाहावे लागेल. पेन्सिल आणि शाई मिळून एका पानाला त्याला दोन दिवस लागत, म्हणजे दिवसाला सहाशे रुपये पडत. जाहिरातीच्या कामात त्याला याच्या कितीतरी पट मिळत असे. हा दर त्याने स्वतःच सुचवला होता, कारण पुस्तक त्याचेही आहे असे तो धरून चालला होता. समन्वयकाच्या तक्त्यात मात्र तो ‘चित्रांचा खर्च’ या रकान्यात होता. एकच माणूस एका कागदावर भागीदार आणि दुसऱ्या कागदावर मोलाने काम करणारा असा नोंदला गेला, आणि हे दोन कागद कोणीही शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

वाढीव उद्दिष्टाची रात्र

जानेवारी २०२३ मध्ये मोहीम सुरू झाली आणि अठराव्या दिवशी ४ लाखांचा टप्पा ओलांडला गेला. उत्साह टिकावा म्हणून वाढीव उद्दिष्टे जाहीर करण्याची पद्धत आहे. त्या रात्री समन्वयक आणि लेखिका या दोघांनी फोनवर बोलून ‘५ लाख ५० हजार झाल्यास संपूर्ण पुस्तक रंगीत’ अशी घोषणा केली. चित्रकार तेव्हा चित्रीकरणाच्या कामासाठी बाहेरगावी होता. त्याला सकाळी घोषणा वाचूनच हे कळले. त्याने हरकत घेतली नाही, पण संमतीही दिली नाही.

या निर्णयाचा हिशेब सरळ होता, परंतु तो घोषणेनंतर मांडला गेला. रंगकामाला पानामागे ९०० रुपये धरले तरी १ लाख ३० हजार, चार रंगांच्या छपाईचा आणि आर्ट पेपरचा वाढीव खर्च आणखी १ लाख ३० हजार, आणि जड कागदामुळे वाढणारे टपाल दहा हजार, म्हणजे एकूण २ लाख ७० हजार. शुल्क वजा जाता एवढी जादा रक्कम हाती येण्यासाठी टप्पा ७ लाखांचा हवा होता. ५ लाख ५० हजारांवर ठेवलेला टप्पा खर्चाच्या निम्माच भाग भरून काढत होता. मोहीम ५४० सहभागींसह ६ लाख २० हजारांवर थांबली. वर्तमानपत्रांत कौतुकाच्या बातम्या आल्या, आणि आकस्मिक खर्चाची शिल्लक धरूनही गट सुमारे पन्नास हजारांनी तुटीत गेला.

पैशाची तूट भरून काढता आली असती. अधिक कठीण अडचण चित्रांमध्येच होती. चित्रकाराने पहिल्या पानापासून कृष्णधवल छपाईचा विचार करून काम केले होते. वाड्याचे अंतर्भाग टाकाने ओढलेल्या दाट रेघांच्या जाळीने भरलेले होते, सावल्या सपाट काळ्या होत्या आणि पुराचे पाणी बहुतेक ठिकाणी कोऱ्या कागदानेच दाखवलेले होते. रंगासाठी काढलेल्या चित्रात रेषा मोकळी ठेवतात, कारण खोली दाखवण्याचे काम रंग करतो. येथे ते काम रेषेने आधीच करून टाकले होते. त्याशिवाय संदर्भासाठी जमवलेली त्या काळातील सगळी छायाचित्रे कृष्णधवल होती. दुकानांच्या पाट्या, दारांचे तैलरंग, रस्त्यावरची वाहने यांचे रंग कोणते होते, हा नवा शोध गळ्यात पडला.

पेच

जुलैपर्यंत दरमहा वाचकांना प्रगतीचे वृत्त जात होते. नंतर ते थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, म्हणजे दिवाळीला पुस्तक देण्याच्या वचनाच्या तोंडावर, ८५ पाने शाईत तयार होती. एका तरुण रंगकर्त्रीने बारा पाने रंगवून दाखवली आणि ती पाहून चौघेही गप्प झाले. काम तिचे चांगले होते, पण जाळीवर चढलेला रंग मळकट दिसत होता आणि कोऱ्या कागदाचे पाणी निळे-करडे होताच पुराचा धाक नाहीसा झाला होता.

याच सुमारास समन्वयकाने कोणालाही न सांगता दुसऱ्या एका चित्रकाराकडे विचारणा केली : उरलेली पाने याच शैलीत, पण रंगाला सोयीची अशी काढून मिळतील का? नमुना म्हणून त्याने मूळ चित्रकाराच्या पानांच्या प्रती पाठवल्या. पुण्यातील चित्रकारांचे वर्तुळ लहान आहे. चार दिवसांत बातमी मूळ चित्रकारापर्यंत पोहोचली. त्याने काम थांबवले आणि आपली ८५ पाने आपल्या लेखी परवानगीशिवाय वापरता येणार नाहीत, असे कळवले. समन्वयकाचे उत्तर असे होते, की पानांचे पैसे चुकते केलेले आहेत आणि ते आपल्याच खात्यातून गेले आहेत.

वकिलांनी जे सांगितले त्याने दोन्ही बाजूंचा आत्मविश्वास कमी झाला. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे ज्यांत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशीच कृती संयुक्त कर्तृत्वाची ठरते. संहिता आणि चित्रे वेगळी ओळखता येतात, तेव्हा पुस्तक ‘चौघांचे’ हे कायद्याला आपोआप मान्य होत नाही. दुसरीकडे, कलम १७ मध्ये मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढून घेणारा ठरतो, अशी तरतूद आहे. चित्रकाराला पानामागे पैसे मिळाले असल्याने ही तरतूद त्याच्याविरुद्ध वापरली जाण्याचा धोका होता. पण ‘काढून घेणारा’ कोण, हे कोणालाच सांगता येईना : लेखिका, समन्वयक, की चौघांची नोंद नसलेली भागीदारी? भागीदारी म्हटली, तर भागीदारी अधिनियम, १९३२ अन्वये करार नसताना नफा समान वाटला जातो आणि तोटाही समान सोसावा लागतो. मांडणीकाराला आपण तुटीच्या चौथ्या हिश्शाच्या देणेकरी असू शकतो हे त्या बैठकीत प्रथमच कळले. आणि मालकी कोणाचीही ठरली, तरी स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा चित्रकाराचा हक्क शाबूत राहत होता. त्याच्या शैलीची नक्कल करून पुस्तक पुरे करणे या हक्काच्या आड आले असते की नाही, यावर वाद घालता येईल. तो वाद न्यायालयात घालण्याची ऐपत मात्र कोणाकडे नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय वचन अक्षरशः पाळण्याचा होता : तयार पाने मोकळ्या रेषेत पुन्हा काढायची आणि पूर्ण रंग भरायचे. याला किमान आणखी एक वर्ष आणि नसलेले पैसे लागले असते. दुसरा, रंग रद्द करून कृष्णधवल पुस्तक काढण्याचा आणि नाराजांना पैसे परत करण्याचा. चित्रकाराला हाच हवा होता. समन्वयकाचा त्याला ठाम विरोध होता, आणि तो निराधार नव्हता, कारण घोषणेनंतर आलेल्या दोनशेहून अधिक सहभागींपैकी कितीजण रंगासाठीच आले होते हे मोजण्याचा काहीच मार्ग नव्हता. तिसरा पर्याय दुसऱ्या चित्रकाराचा. तो चर्चेत आला तेव्हाच निकालात निघाला.

चौथा पर्याय मांडणीकाराने सुचवला. काळ्याशिवाय एकच जादा रंग वापरायचा, तोही फक्त पाण्याला आणि पाण्याने स्पर्श केलेल्या वस्तूंना. पूर येईपर्यंतची पाने केवळ काळी-पांढरी राहतील. पाणी गल्लीत शिरते त्या पानापासून गढूळ तपकिरी रंग तळातून वर चढत जाईल. असा रंग जवळपास ९० पानांवर लागणार होता. चित्रांना हे मानवणारे होते, शिवाय छपाईतही बचत होती : सोळा पाने एकत्र छापली जाणारा एक कागद म्हणजे एक फॉर्म, आणि त्याच्या प्रत्येक बाजूला रंगामागे एक छपाईची प्लेट लागते; अशा नऊ फॉर्मांना चार रंगांत ७२ प्लेट लागल्या असत्या, दोन रंगांत ३६ पुरणार होत्या. या पर्यायातील उणीव लपवण्यासारखी नव्हती. दोन रंगांचे पुस्तक म्हणजे ‘संपूर्ण रंगीत’ पुस्तक नव्हे.

केलेली कार्यवाही

क्रम कोणता ठेवावा, हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरला. समन्वयकाला आधी वाचकांना कळवायचे होते, कारण संकेतस्थळावरील तक्रारी वाढत होत्या. लेखिकेने आधी आपसातला करार करण्याचा आग्रह धरला. करार झाल्याशिवाय वाचकांना दिलेली कोणतीही नवी तारीख चित्रकाराच्या मर्जीवर अवलंबून राहिली असती, असे तिचे म्हणणे होते. तिचे ऐकले गेले. त्यासाठी वाचकांना आणखी तीन महिने मौन सोसावे लागले, ही त्याची किंमत. निदान ‘आपसात काही प्रश्न आहेत, फेब्रुवारीत सविस्तर कळवतो’ अशा दोन ओळी त्या काळात सहज पाठवता आल्या असत्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सह्या झाल्या. संहितेचा हक्क लेखिकेकडे आणि चित्रांचा चित्रकाराकडे राहिला. पुस्तक म्हणून छापण्याचा हक्क दोघांनी मिळून ठरावीक मुदतीसाठी गटाला दिला. मुदत आणि प्रदेश मुद्दाम लिहिले गेले, कारण ते न लिहिल्यास स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतर पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच धरले जाते. भाषांतर, चित्रपट किंवा अन्य रूपांतर यांसाठी दोघांचीही संमती आवश्यक ठरली. नफ्याचे वाटे लेखिका व चित्रकार यांना प्रत्येकी ३५ टक्के आणि इतर दोघांना प्रत्येकी १५ टक्के असे झाले. उरलेल्या ५९ पानांचा दर १,८०० करण्यात आला. खाते दोघांच्या सहीचे झाले. एखादा सदस्य काम पुरे करू शकला नाही तर काय, या कलमावर सर्वाधिक वेळ गेला. शेवटी ‘बदली व्यक्ती मूळ व्यक्तीच्या लेखी पसंतीनेच, आणि तिचे नाव पुस्तकात स्वतंत्रपणे’ असे ठरले. रंगकर्त्रीला तिच्या बारा पानांचे पूर्ण मानधन देण्यात आले, जरी त्यांतील एकही पान छापले जाणार नव्हते.

त्यानंतर सर्व सहभागींना सविस्तर पत्र गेले. त्यात जमाखर्च, रंगाचा टप्पा चुकीच्या हिशेबावर ठेवल्याची कबुली, दोन रंगांतील चार नमुना पाने आणि पैसे परत मागण्याची मुभा, एवढे होते. आपसातील वादाचा तपशील नव्हता, आणि तो वगळणे उचितच होते. २६ जणांनी पैसे परत मागितले, त्यावर सुमारे तीस हजार खर्च झाले. शंभराच्या आसपास लोकांनी उत्तरच दिले नाही. समन्वयकाच्या मते मौन म्हणजे संमती. गटाने तसे मानले नाही. या लोकांना पुस्तक पाठवायचे आणि ते हातात पडल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत परताव्याची मुभा खुली ठेवायची, असे ठरले. त्या मुभेचा उपयोग पुढे फारच थोड्यांनी केला.

कामाच्या या टप्प्यात अक्षरमांडणीनेही वेळ घेतला. सुरुवातीची पाने जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये रचलेली होती. ती युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात आणताना जोडाक्षरे तुटू लागली. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडावा लागतो, हे लक्षात येईपर्यंत आठवडा गेला. वेलांट्या आणि उकारांसाठी ओळींत अधिक अंतर सोडावे लागल्याने कित्येक फुगे मोठे करावे लागले. मजकूर चित्रापासून वेगळ्या थरात ठेवण्याची शिस्त मांडणीकाराने तेव्हाच लावली.

परिणाम

पाने ऑगस्ट २०२४ मध्ये आणि दुसऱ्या रंगाचे काम ऑक्टोबरमध्ये संपले. शिलाई बांधणीच्या एक हजार प्रती जानेवारी २०२५ च्या आरंभी हाती आल्या. तेवढ्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली होती. वेष्टनासह प्रत चारशे ग्रॅमच्या आसपास भरत होती आणि टपालाचे ३० हजारांचे गणित त्याच सेवेवर बेतलेले होते. थांबावे की महाग मार्गाने पाठवावे, यावर फार चर्चा झाली नाही. वर्षभराहून अधिक उशीर झालेला असताना थांबणे शक्यच नव्हते. पुण्यातील प्रती एका पुस्तकदुकानातून घेऊन जाण्याची सोय केली गेली, बाकीच्या मार्चपर्यंत पार्सलने गेल्या आणि सुमारे वीस हजार रुपये जादा लागले. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली, त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये दर आहे. नंतरची विक्री तिच्या आधारे चालली.

हिशेब अखेरीस किंचित शिलकीत बंद झाला. दोन रंगांमुळे वाचलेली रक्कम चित्रकाराचा वाढीव दर, परतावे आणि टपाल यांत गेली. समन्वयक वितरणानंतर गटातून बाहेर पडला. त्याचा १५ टक्के वाटा करारानुसार कायम आहे. लेखिका आणि चित्रकार पुढील पुस्तकावर एकत्र काम करीत आहेत.

वेगळे काय करता आले असते

मोहिमेआधी करार करायला हवा होता, हे उघड आहे आणि प्रत्येकजण ते सांगतो. या प्रकरणात अधिक उपयोगी प्रश्न असा, की तेव्हा करार केला असता तरी त्यात रंगाचा निर्णय अडला असता काय? मालकी आणि वाटे लिहिणाऱ्या नमुना करारांत ‘नवे जाहीर वचन कोण देऊ शकतो’ हे कलम क्वचितच असते. चारपैकी दोघांनी एका रात्री दिलेले वचन चौघांवर बंधनकारक झाले, ते मालकीच्या प्रश्नामुळे नव्हे. ज्याच्या हातांनी ते वचन पुरे व्हायचे आहे त्याची लेखी संमती आल्याशिवाय घोषणा करायची नाही, एवढा एक नियम असता तर सकाळी चित्रकाराचे उत्तर येईपर्यंत थांबावे लागले असते, आणि आपली जाळी रंग पेलणार नाही हे त्याने पाच मिनिटांत सांगितले असते.

वाढीव उद्दिष्ट द्यायचेच होते, तर ते कलाकृतीच्या स्वरूपाला हात न लावणारे हवे होते : बांधीव आवृत्ती, चांगला कागद, संदर्भछायाचित्रांची पुरवणी. पोस्टर व बिल्ले सुचवले जातात, पण छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि अशा वस्तूंवर आहे, हे हिशेबात धरावे लागते.

समन्वयकाची बाजूही नोंदवली पाहिजे. दुसऱ्या चित्रकाराकडे परस्पर जाणे गैर होते. परंतु ५४० लोकांच्या चौकशा, संतापाची पत्रे आणि स्वतःच्या खात्यावरील करविषयक जबाबदारी तो एकटा आणि विनामोबदला वाहत होता. त्याच्या कामाला अंदाजपत्रकात रकानाच नव्हता. चित्रकाराला अपुरा दर मिळाला याची चर्चा गटात झाली, समन्वयकाला काहीच मिळाले नाही याची झाली नाही. पुढील पुस्तकाच्या अंदाजपत्रकात लेखिकेने समन्वयासाठी जमा रकमेच्या आठ टक्के धरले आहेत, आणि उद्दिष्ट शाईची शंभर पाने पुरी झाल्यावरच जाहीर करायचे ठरवले आहे.